अडकलेला कव्हर-स्क्रू: स्प्रे, इम्पॅक्ट ड्रायव्हर, हीट गन की ड्रिल?

यामाहा आरएक्स १०० बनायची बंद झाली १९९६ साली, पण ती घरी खोलून बसणारे अजून कमी झालेले नाहीत. क्लच प्लेटा बदलायला इंजिनाच्या साइड कव्हरला हात घातला की पहिले आडवे येतात ते जुने प्लस स्क्रू. स्क्रू लोखंडी, इंजिनाची केस अ‍ॅल्युमिनियमची. ओल मिळाली की दोघांच्या मध्ये पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका.

रस्ट स्प्रे सगळ्यात सोपा, म्हणून सगळे आधी तोच मारतात. सायलेन्सरच्या नटांना तो उपयोगी पडतो, कारण तिथले आटे उघडे असतात. कव्हर-स्क्रूचे आटे खोल आत असतात. रात्रभर ठेवलं तरी तेल तिथवर झिरपेलच असं नाही. मारा खुशाल, पण भरवसा ठेवू नका.

माझा कौल हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला. ठोका बसला की आतल्या तिरक्या खाचेमुळे बिट किंचित फिरतं आणि त्याच क्षणी स्क्रूच्या डोक्यात घट्ट दाबलंही जातं. साधा स्क्रूड्रायव्हर जोर लावला की वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. ६ मिमीच्या स्क्रूला ३ नंबरचं बिट लागतं. घरच्या डब्यात असतं २ नंबरचं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दिशा उलटी लावली आहे ना ते बघा, नाहीतर आणखी आवळून बसाल. टुकटुक ठोकत बसू नका, एकच सणसणीत हाणा. मात्र कार्ब्युरेटर आणि ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण यांवर हे अवजार चालवायचं नाही, तडा जाईल.

तरीही हलत नसेल तर हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड सैल होते. पाण्याचा थेंब चुर्र झाला की पुरे, लगेच ड्रायव्हर लावा. टाकी आणि पेट्रोलचा पाइप त्याआधी काढून बाजूला ठेवा. गॅसची ज्योत मी वापरणार नाही, ऑइल सील जळतं.

खाच पूर्ण गेली असेल तर सरळ ड्रिल. मधोमध पंच मारा आणि ६ मिमीच्या बिटने फक्त डोकं उडवा. कव्हर निघालं की उरलेल्या दांड्यावर ताणच राहत नाही, बऱ्याचदा ग्रिप प्लायरने तो आरामात फिरतो. लोक घाबरतात, पण इझी-आउटपेक्षा (स्क्रूत भोक पाडून त्यात घुसवायचं, उलट्या आट्यांचं अवजार) हे कितीतरी बरं. इझी-आउटचं पोलाद इतकं कडक असतं की ते आत मोडलं तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही, मग केस घेऊन लेथवाल्याकडे जा.

परत बसवताना अ‍ॅलन बोल्टचा (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) सेट घ्या. स्टेनलेसचा घेतलात तर आट्यांना कॉपर ग्रीस लावाच, अ‍ॅल्युमिनियममध्ये तोही जाम होतो.