सोलर झटका मशीन: धुऱ्यावर कुत्रं मेलं तर कोण अडकतं?

रानडुक्कर अन् रोही (नीलगाय) यांच्यापासून तूर-हरभरा वाचवायला धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, तारेत विजेचा झटका सोडणारी ही मशीनं बरी आहेत, त्यात वाद नाही. पण ती विकत घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते: शेजाऱ्याचं कुत्रं तारेला लागलं तर केकाटून पळतं की तिथंच पडतं.

चांगलं मशीन 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. तारेत आठ-दहा हजार व्होल्ट असले तरी करंट सलग नसतो. झटका डोळ्याचं पातं लवायच्याही आत संपतो, अन् दोन झटक्यांत किमान 1 सेकंदाची सवड राहते. जनावर सुटतं ते या सवडीत. झटक्याची ताकद 5 ज्यूलच्या वर नको. खोक्यावर हा आकडाच नसेल अन् नुसतं 'हेवी ड्यूटी' छापलं असेल, तर ते मशीन दुकानातच राहू द्या.

मशीनपेक्षा फिटिंगमध्ये जास्त घोळ होतो. जुनी काटेरी तार आहेच म्हणून फिटर तिच्यातच झटका सोडतो. काट्यात केस अडकले की कुत्र्याला सुटता येत नाही, झटक्यावर झटका बसतो अन् चांगल्या मशीनवरही ते मरू शकतं. नायलॉनच्या जाळीजवळूनही तार नेऊ नका. साधी, बिनकाट्याची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तारच लावा, पहिली ओळ जमिनीपासून वीतभर वर.

दुसरा घोळ अर्थिंगचा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, सळई मोकळी होते, झटका लागेनासा होतो. अर्थिंगला पाणी घालायचं अन् तारेला टेकलेलं गवत कापायचं, एवढाच इलाज. पण 'मशीनमध्ये दमच नाही' म्हणून कोणी रात्री मोटारीच्या पेटीतून थेट 230 व्होल्ट तारेत सोडतो. इथून कायद्याचा हिशेब बदलतो.

भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. कलम 325 प्रमाणे आगळीक करून, म्हणजे जाणूनबुजून नुकसान करून, कोणताही प्राणी मारला तर 5 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात जनावर 10 रुपयांचं की 50 रुपयांचं हे पाहत, आता किमतीचा प्रश्न नाही. मात्र आगळीक ठरायला हेतू हवा, किंवा नुकसान होईल याची जाणीव हवी. नियमात बसणारं मशीन, साधी तार अन् धोक्याची पाटी असेल तर हे कलम टिकणं कठीण. कुत्र्याचा मालक फार तर निष्काळजीपणाची भरपाई दिवाणी दाव्यात मागेल. घरचा करंट सोडणाऱ्याला मात्र 'नकळत झालं' म्हणायला तोंड राहत नाही, वीज स्वतःच्या मीटरची असली तरी. खांबावरच्या तारेवर आकडा टाकून वीज चोरलेली असेल तर वीज कायदा 2003 चं कलम 135 वेगळं लागतं, त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आहे. अन् त्या तारेला रात्री जागलीला जाणारा माणूस लागला तर गोष्ट कुत्र्यावर थांबत नाही.

कुत्रं मेलंच तर तार गुंडाळून ठेवू नका, संशय तिथंच वाढतो. मशीन, बॅटरी, पाटी आहे तशी राहू द्या, फोटो काढा, पोलीस पाटलाला कळवा, गुरांच्या डॉक्टरकडून शवविच्छेदन करून घ्या. खरेदीचं पक्कं बिल तेव्हा कामी येतं; कच्च्या चिठ्ठीवर मॉडेलही लिहिलेलं नसतं. पाटी दुकानदार आपणहून देत नाही, मागून घ्या. एक पुरत नाही, पाऊलवाट जिथं जिथं धुरा ओलांडते तिथं लावा.