‘इम्प्रूव्ड’च्या नावाखाली ५१,९०० रुपये आणि एक बाद बॅरल

आधी आकडे. अ‍ॅडव्हान्स १८,०००. ‘परदेशी रिमर (बॅरल आतून कोरायचं हत्यार) मागवायचाय’ म्हणून २७,५००. टेस्ट फायरिंगचे ६,४००. एकूण ५१,९०० रुपये, सगळे रोख, पावती एकाचीही नाही. बदल्यात हातात आली ती चेंबर, म्हणजे बॅरलमधली काडतूस बसायची जागा, बिघडवलेली आमचीच ३०-०६ (हे काडतुसाचं माप) रायफल.

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका गावात हे काम करणाऱ्या बंदूकवाल्याचं दुकान आहे. त्याचं बोलणं ऐकलं तर कुणीही फसेल. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, वारसाने आलेल्या रायफलीच्या चेंबरला खड्डे पडतातच. रिकामी केस (काडतुसाचं कवच) अडकते, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट ओढता ओढवत नाही. नेमकं हेच दुखणं तो धरतो. ‘अ‍ॅक्ले इम्प्रूव्ड करून देतो, खड्डे जातील आणि गोळीचा वेगही सेकंदाला तीनशे फुटांनी वाढेल.’

खड्ड्यांचं खरं आहे, म्हणून तर विश्वास बसतो. अ‍ॅक्ले इम्प्रूव्ड म्हणतात त्या चेंबरमध्ये केसचा निमुळतेपणा कमी करतात, खांद्याचा (केसच्या मानेखालच्या भागाचा) साडेसतरा अंशांचा उतार चाळीसवर नेतात. रिमरने धातू निघतो, त्यात उथळ खड्डे जातात. वेग मात्र तेवढ्याच दाबात फार तर पन्नास-शंभर फूट वाढतो, तोही हाताने जास्त दारू भरलेल्या काडतुसात. भरणार कोण? आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे. फॅक्टरीचं काडतूस त्यात झाडलं तर वेग उलट थोडा कमीच मिळतो. हे तो सांगत नाही.

काम नीट करायचं तर आधी बॅरल सोडवून एक आटा मागे घ्यावं लागतं. आमची रायफल माउझर ९८ घडणीची, तिला इंचाला बारा आटे, म्हणजे साधारण २.१ मिलिमीटर. मग रिमर, आणि हेडस्पेस (बोल्टपासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मूळ गो गेजपेक्षा (ते तपासायच्या मापापेक्षा) ०.००४ इंच आखूड, म्हणजे फॅक्टरीचं काडतूस मान आणि खांद्याच्या सांध्यावर किंचित घट्ट बसतं. या गृहस्थाने बॅरल न सोडवता नुसता रिमर फिरवला. आता काडतूस सैल बसतं, पिनच्या ठोक्याने पुढे सरकतं आणि केस तळाच्या जरा वर ताणली जाते. तिथे चकचकीत कडं दिसलं की पुढची गोळी झाडू नका. केस तिथेच तुटली तर गरम वायू बोल्टमधून तोंडावर येतो.

आणि चीड येते ती याची, की पुरावा डोळ्यांसमोर होता. बॅरल आणि रिसीव्हरच्या (बॅरल आट्यांनी बसतं त्या भागाच्या) सांध्यावर जुन्या गंजाची रेघ अखंड होती. बॅरल फिरलं असतं तर ती तुटलीच असती. लाकडी दस्त्याच्या आतली, बॅरल बसायची खाचही कुठे तासलेली नव्हती. बॅरल दोन मिलिमीटर मागे गेलं तर त्याचे टप्पे जुन्या खाचेत बसतील कसे? पण त्यावर ग्रीस थापलेलं होतं. कोकणात ग्रीस दिसलं की माणूस काळजी घेणाराच वाटतो, दोष कुणाला द्यायचा? ग्रीस पुसून बघा. दुकानातच, पैसे द्यायच्या आधी.

भिंतीवर फ्रेममध्ये परवाना होता, तो विक्रीचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीला आणि बदलालाही परवाना लागतो. परवान्यावर काय काय लिहिलंय ते पूर्ण वाचा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, पैशांचा वाद आहे, कोर्टात जा. कोर्टात जायला कागद कुठला? कलेक्टर कचेरीच्या गृहशाखेत तर उलटीच गंमत. परवान्यावर ३०-०६ आणि चेंबर दुसरंच, मग बदल कुणाच्या परवानगीने केला, असं आम्हालाच विचारतात! दुकानदाराबद्दल एक प्रश्न नाही. लेखी तक्रार दिली तर ‘टपालात टाका’. निवडणूक आली की बंदूक जमा करा म्हणून घरी शिपाई येतो, तेव्हा पत्ता बरोबर सापडतो. त्या दुकानाचा पत्ता मात्र कुणाला सापडत नाही, हमरस्त्यावर असून.

चेंबर रुंद झालंय, ते परत मूळ मापाचं होत नाही. नवं बॅरल टाकायचं तर आधी त्याच गृहशाखेची परवानगी हवी. तो अर्ज अजून तिथेच पडून आहे.