राजवाड्यामागच्या गल्लीत झेंडा शिवून घेताना

गणपतीआधी कॉलनीचा स्वतःचा झेंडा हवा असं ठरलं. मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका, त्यामुळे ते काम न विचारताच माझ्या गळ्यात पडलं. शिवायला दिला इंदूरच्या राजवाड्यामागच्या एका जुन्या दुकानात. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं भांडण आहे.

माझं डिझाइन असं होतं: वर भंडाऱ्याचा पिवळा, कारण होळकरांचं कुलदैवत खंडोबा, मध्ये कान्ह आणि सरस्वती या आपल्या नद्यांची पांढरी पट्टी, खाली माळव्याची काळी माती. दुकानातल्या काकांनी कागद भिंतीला चिकटवला आणि मला रस्त्यापलीकडे उभं केलं. "ताई, आता सांगा, नदी कुठंय?"

खरंच दिसेना. दुरून पिवळं आणि पांढरं एकच होऊन गेलं होतं. युरोपातल्या सरदारांच्या ढालींवर याचसाठी सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, शेजारी ठेवत नसत, मध्ये गडद रंग घालत. हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलंय! काकांनी खडूनं पांढरी रेघ काळ्याच्या मधोमध ओढली. नदी मातीतूनच वाहणार, नाही तर काय. अर्थही जास्त चांगला लागला, आणि तो रेघ ओढून झाल्यावर सुचला.

कमिटीत एकांनी "काळा अशुभ, निषेधाचा वाटेल" म्हणून नाक मुरडलं. मी विचारलं, संक्रांतीला बायको काय नेसते? विषय संपला. दुसऱ्या एका वहिनींना होळकरांच्या राजचिन्हातले गहू आणि अफूची बोंडं हवी होती. गव्हाला हरकत नव्हती, पण बाप्पाच्या मांडवावर अफू? शिवाय वीस फुटांवरून ती बोंडं लसणाचे गड्डे दिसली असती.

दुकानात थांबले असताना तिरंग्यांच्या थप्प्या बघत होते. 2021च्या शेवटी नियम बदलल्यापासून खादीच्या शेजारी पॉलिएस्टरही आलंय, आणि खपतं तेच जास्त, असं काका म्हणाले. रंग म्हणाल तर 1921 साली गांधीजींनी लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा असं सांगितलं होतं. 1931मध्ये काँग्रेसनं ठराव केला की रंगांचा धर्माशी संबंध नाही, केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग. 1947ला घटना समितीत राधाकृष्णन यांनी पुन्हा नव्यानं उलगडून सांगितलं. म्हणून आमच्या काळ्या रंगावरून डोकं फिरवून घेणाऱ्यांना मी म्हटलं, झेंडा आधी दिसू दे, अर्थ माणसं लावतातच.

शिवण अव्वल. तीन बाय दोन फुटांच्या झेंड्याला दांडीसाठी दुहेरी कॅनव्हासचा नेफा. मोकळ्या कडेला चार ओळी शिलाई, कारण वाऱ्यानं आधी तीच कड उसवते. नदीची पट्टी दोन्ही बाजूंनी लावलीय. मंडळाचं नाव घालायला काकांनी साफ नकार दिला: "मागून उलटं वाचणार, आणि लोक हसणार." पटलं.

आता भांडण. पिवळ्यासाठी मी जुन्या साडीचा हळदीरंगाचा तुकडा टाचणीनं लावून दिला होता. झेंडा आला तो लिंबाचा! काकांचा पुतण्या म्हणाला, "हळदी संपला होता, पिवळा तो पिवळाच ना?" अहो, खंडोबावर लिंबू उधळतात का? एक फोन करता आला असता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, आणि नवा शिवून दिला. पाच दिवसांचे नऊ झाले. जादा पैसे घेतले नाहीत. साडेसहाशे ठरले होते, तेवढेच.

तुम्हाला शिवायचा असेल तर कापडाचा तुकडा द्याच, पण पुतण्याच्या हातात नको, काकांच्या हातात द्या. ते सकाळी अकरापर्यंत असतात, मग जेवायला जातात. लिंबाचा झेंडा मी घेतला नाही. तो आता दुकानाच्या शटरवर नमुना म्हणून लटकतोय. दुकान ओळखायला तेवढं पुरे.