फ्लॅक्समनची इलेक्ट्रा: भिंतीवर लावावी की पेटीत ठेवावी?

प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या शोकांतिकांवरची चित्रं इंग्लिश शिल्पकार जॉन फ्लॅक्समनने रोमला असताना रेखाटली, तोम्मासो पिरोलीने ती तांब्यावर कोरली आणि १७९५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यातलं एखादं सुटं पान हाती आलं, की ते फ्रेम करावं की माउंट करून, म्हणजे मधे खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्यात बसवून, पेटीत ठेवावं, हे ठरवावं लागतं. माझ्याकडे इलेक्ट्रा आहे, बायकांसह आपल्या बापाच्या, राजा आगामेम्नॉनच्या, समाधीकडे तर्पणासाठी निघालेली. लंडनच्या घरात मी ती दोन्ही तऱ्हांनी ठेवून पाहिली.

फ्रेमची बाजू लंगडी नाही. चित्र रोज नजरेसमोर राहतं. जाणता फ्रेमवाला आम्लमुक्त माउंट वापरतो, जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावतो, काच कागदाला टेकू देत नाही. उजेडाची काळजी मात्र उरतेच. संग्रहालयं कागदावरच्या कामांना साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) इतकाच उजेड देतात. आपल्या दिवाणखान्यात दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. शाई टिकेल, कागद पिवळा पडत जाईल.

माझा निर्णय मात्र काचेवरच्या चकाकीने झाला. फ्लॅक्समनकडे छायाप्रकाश जवळजवळ नाहीच, सगळी मदार बारीक रेषेवर. समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब काचेत आलं की इलेक्ट्राच्या वस्त्राच्या चुण्या पुसल्यासारख्या व्हायच्या. भिंत बदलली, तर संध्याकाळी दिव्याचा गोळा नेमका बायकांच्या रांगेवर. तैलचित्राला हे कदाचित खपून जाईल, या रेषेला नाही. चकाकी रोखणारी काच मिळते आणि ती चांगली असते, पण तिच्यासकट फ्रेमचा खर्च चित्राच्या किमतीपुढे जायला लागला.

पेटीतून काढून टेबलावर, तिरप्या उजेडात ठेवलं, तर तांब्याच्या पत्र्याच्या कडेचा कागदात उमटलेला दाब स्पष्ट दिसतो. भिंगाखाली रेष सलग दिसते. अलीकडच्या ऑफसेट छपाईत तिथे ठिपक्यांची जाळी असते. किंमत ठरवतानाही हेच बघतात: समास कापलेत का, पाठीमागे डिंकाचे डाग आहेत का, वॉटरमार्क (कागद उजेडाकडे धरला की आत दिसणारी खूण) काय आहे. १७९४ पासून इंग्लिश कागदाच्या वॉटरमार्कमध्ये साल घालण्याची रीत पसरली, आणि साल १७९५ च्या पुढचं निघालं तर छाप नंतरचा हे तिथेच कळतं. या मालिकेच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या, १८३१ ची त्यातलीच, म्हणून हे तपासणं गरजेचं. फ्रेममध्ये यातलं बरंचसं माउंटखाली झाकलेलं असतं, आणि जुन्या आम्लयुक्त माउंटने आपल्या खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ सोडली असेल तर तीही.

ब्रिटिश म्युझियममध्येही मुद्राचित्रं माउंट करून सोलँडर पेट्यांत (पुस्तकासारख्या उघडणाऱ्या, घट्ट मिटणाऱ्या पेट्यांत) ठेवतात आणि अभ्यासिकेत काढून दाखवतात. घरी पेटीची अडचण एकच, ती मुद्दाम उघडावी लागते. बाहेरच्या दमट भिंतीला लागून ठेवलीत तर आत बुरशी धरू शकते, तेव्हा आतल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवा.

घरच्यांना चित्र भिंतीवरच हवं असेल तर त्यांचंही चूक नाही. उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीतली, थेट ऊन न येणारी भिंत बघा. माझी इलेक्ट्रा मी पेटीतच ठेवली आहे. माउंट मात्र प्रचलित मापाचा कापून घ्या, म्हणजे तोच पेटीतून काढून काही आठवडे फ्रेममध्ये घालता येतो.