बडोद्यात मोठ्या वयात ऑटिझमची तपासणी: दोन ठिकाणचा माझा अनुभव

रेटिंग आधीच सांगून टाकते. पहिल्या काउन्सेलिंग सेंटरला ५ पैकी ३, दुसऱ्या क्लिनिकला साडेचार. दोन्ही बडोद्यातलीच, पण नावं लिहीत नाहीये, कारण पहिल्या ठिकाणच्या मॅडमनी मला दोन वर्षं खरंच सांभाळलंय आणि माझी तक्रार त्यांच्या एका उत्तराबद्दल आहे, जे कुठल्याही सेंटरमध्ये मिळू शकतं.

मी ३४ वर्षांची, दांडिया बाजारात वाढले, लग्न झालंय, अकाउंट्समध्ये नोकरी करते. सेंटरला गेले ती झोप आणि अँग्झायटीसाठी. ५० मिनिटांचं सेशन, १२०० रुपये, वेळ दिली म्हणजे त्याच वेळेला आत घेणार, बाहेर टीव्ही नाही, आणि हे माझ्यासाठी फार मोठं आहे कारण वेटिंग रूममधला टीव्ही हीच माझी निम्मी अँग्झायटी असते. झोप सुधारली, छातीत धडधडायला लागलं की काय करायचं ते शिकवलं, आईशी भांडण न करता नाही कसं म्हणायचं तेही. या सगळ्याला पूर्ण मार्क.

पण एक गोष्ट सुटत नव्हती. नवरात्रात ऑफिसच्या ग्रुपबरोबर गरब्याला गेले की पुढचे दोन दिवस माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आजारी नसते, रुसलेली नसते, फक्त बोलणंच होत नाही. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीलाही तेच, गच्चीगच्चीवर स्पीकर आणि पिपूडे (तोंडाने वाजवायचे भोंगे) सुरू झाले की मी खाली येऊन बाथरूमचं दार लावून बसते. मॅडम म्हणायच्या अँग्झायटी आहे, हळूहळू सवय करा. मी ३४ वर्षं सवयच करतेय.

मग मावसबहिणीच्या मुलाला चौथ्या वर्षी ऑटिझम असल्याचं कळलं, तिला फॉर्म भरायला मी मदत करत होते आणि एकेक प्रश्न वाचताना मला कळेना की हे त्याच्याबद्दल चाललंय की माझ्याबद्दल. घरी येऊन मोठ्यांसाठीची ऑटिझमची एक्यू नावाची प्रश्नावली भरली, केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या टीमने २००१ साली केलेली, ५० प्रश्न, ३२ किंवा जास्त आले तर पुढे तपासून घ्या असं म्हणतात. माझे ३८ आले.

ते प्रिंट घेऊन गेले. मॅडमनी बघितलं, बाजूला ठेवलं आणि गुजरातीत म्हणाल्या, "तमे तो एकदम नॉर्मल छो." मग समजावलं की मी डोळ्यात बघून बोलते, संसार करते, नोकरी टिकवलीये, ऑनलाइन टेस्टवर जाऊ नका, आणि या वयात लेबल घेऊन करायचंय काय.

टेस्टबद्दल त्यांचं बरोबर होतं हे मला मान्य आहे. एक्यू ही चाळणी आहे, तिच्यावरून निदान होत नाही, अँग्झायटीमुळेही आकडा वर जाऊ शकतो. पण म्हणूनच तर पुढची तपासणी पाहिजे ना? आणि डोळ्यात बघण्याचं म्हणाल तर मी त्यांच्या टिकलीकडे बघते. आठवीत एका बाईंनी वर्गात उभं करून "बोलताना समोर बघ" म्हणून सांगितलं तेव्हापासून मी भुवयांच्या मधोमध बघायला शिकलेय, दोन वर्षांत त्यांच्या टिकल्यांचे सगळे आकार मला पाठ झालेत, डोळ्यांचा रंग विचारला तर सांगता येणार नाही. हे मी त्यांना तेव्हा सांगू शकले नाही. असल्या वेळी मला शब्द सापडत नाहीत, घरी येऊन रात्री दोन वाजता सापडतात.

तीन वेळा विषय काढला. दुसऱ्यांदा लिहून नेलं, त्या म्हणाल्या तुम्ही या विषयात फार अडकताय. तिसऱ्यांदा मी सरळ विचारलं की मॅडम, तुम्ही मोठ्या माणसांची ऑटिझमची असेसमेंट करता का? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या नाही, आमच्याकडे फक्त काउन्सेलिंग होतं, त्यासाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टकडे जावं लागतं.

माझे तीन स्टार इथे गेले, त्यातला एक नंतर परत दिला. "हे माझ्या कामात बसत नाही" हे वाक्य पहिल्याच दिवशी मिळालं असतं तर मी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे फोन केला असता. त्याऐवजी "तुम्हाला ते नाहीये" असं सांगितलं गेलं, तेही न तपासता, आणि माझे आठ महिने मी खोटं बोलतेय की काय या विचारात गेले. बाहेरून नीट दिसणाऱ्या बाईला हे फार लागतं. कोणी थेरपिस्ट वाचत असतील तर कृपा करून हे लक्षात घ्या.

आता दुसरं क्लिनिक. तिथल्या बाई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआयकडे म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे रजिस्टर्ड, सीआरआर नंबर, म्हणजे त्या नोंदणीचा नंबर, भिंतीवर लावलेला. (नसला लावलेला तर विचारा, बिनधास्त.) फोनवरच मी विचारलं की मोठ्या बायकांची तपासणी केलीये का, त्यांनी हो म्हटलं आणि काय काय होणार ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. तीन बैठका, सगळे मिळून ९००० रुपये, नंबर मात्र दोन महिन्यांनी लागला.

पहिल्या बैठकीत फक्त मी. दुसऱ्या बैठकीला आईला घेऊन या म्हणाल्या, शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर तीही. आई यायलाच तयार नव्हती, "तुला काय झालंय, एवढी हुशार तू." आली शेवटी. फॉर्म गुजराती आणि इंग्रजीतच होता म्हणून त्या बाईंनी एकेक प्रश्न आईला तोंडी समजावून विचारला, आणि आई जी बोलायला लागली ती दीड तास थांबली नाही. मी चार वर्षांची असताना गणपतीच्या मिरवणुकीत ढोल सुरू झाले की मला कडेवर घेऊन सूरसागरच्या बाजूला जावं लागायचं. भातुकलीत कधी स्वयंपाक केला नाही, फक्त भांडी लहान-मोठी लावून ठेवायची आणि कोणी हात लावला की आकांत. नवे कपडे आतून उलटे घालायची, शिवण टोचते म्हणून. मला यातलं निम्मं माहीतच नव्हतं. आईला ते हट्टीपणा म्हणून लक्षात होतं.

तिसऱ्या बैठकीत सहा पानी रिपोर्ट, ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर, लेव्हल १, म्हणजे तीन पातळ्यांतली सगळ्यात कमी आधार लागणारी. त्यांनी डीएसएम-५ मधला, म्हणजे मानसिक निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकातला, एकेक निकष माझ्यासमोर ठेवून कुठलं उदाहरण कुठे बसतं ते दाखवलं. आवाज, उजेड, स्पर्श यांचा त्रास हा २०१३ पासून त्या निकषांत आहे. आणि एक वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला दिलं, की लक्षणं लहानपणापासून असावी लागतात पण अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील. पुस्तकातच लिहिलंय हो हे! डोळ्यात बघते म्हणून ऑटिझम नाही, असं कुठेच लिहिलेलं नाही.

अर्धा स्टार कापला तो ट्यूबलाइटचा. एक ट्यूब सतत गुणगुणत होती, ऑटिझमची तपासणी करणाऱ्या खोलीत तरी हे नको. सांगितल्यावर लगेच बंद केली.

ज्यांना दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट हवंय त्यांच्यासाठी, हा रिपोर्ट म्हणजे सर्टिफिकेट नाही. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, पण सर्टिफिकेट सरकारी हॉस्पिटलमधून होतं आणि तिथे आयसा (आयएसएए) नावाचं ऑटिझमचं ४० प्रश्नांचं भारतीय मोजमाप लावतात, ७० च्या खाली आलात तर ऑटिझम धरत नाहीत. बोलता येणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसाला तो आकडा गाठणं अवघड वाटतं मला. मी त्या वाटेला गेले नाही, मला फक्त कळायला हवं होतं.

रिपोर्ट घेऊन मी पहिल्या मॅडमकडे परत गेले. नवरा म्हणाला कशाला, पण गेले. त्यांनी सहाही पानं माझ्यासमोर वाचली, बराच वेळ गप्प होत्या, आणि म्हणाल्या की मला यातलं येत नाही हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. दोनाचे तीन स्टार झाले ते यामुळे. "सवय करा" हे त्यांनी बंद केलंय. आता सेशनच्या आदल्या दिवशी त्या मला प्रश्न लिहून पाठवतात, मी उत्तरं जुळवून जाते, आणि बोलताना टिकलीकडे न बघता खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघते.