यूएचओ ओपनिंग संच : इंजिन स्पर्धांसाठी कितपत न्याय्य?

बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांच्या, म्हणजेच इंजिनांच्या, स्पर्धेत दोन्ही बाजूंना एकाच ओपनिंग बुकातून, म्हणजे डावाच्या ठरवून दिलेल्या सुरुवातींच्या संग्रहातून, खेळायला लावले की न्यायाचा प्रश्न मिटला, असे पुष्कळ जण धरून चालतात. स्टेफान पोल यांचा ‘अनबॅलन्स्ड ह्यूमन ओपनिंग्ज’, म्हणजेच यूएचओ, हा संच गेले काही महिने मी घरच्या संगणकावरील छोट्या स्पर्धांसाठी वापरत आहे. त्यानंतर माझे मत असे झाले आहे की बुक सामायिक असणे ही न्यायाची केवळ पहिली अट आहे.

संच विनामूल्य आहे. त्यातील सुरुवाती माणसांच्या डावांतून घेतलेल्या असून त्या ६ किंवा ८ चालींनंतर थांबतात, आणि थांबण्याच्या जागी पांढऱ्याकडे इंजिनाच्या मूल्यमापनानुसार ठरावीक पट्ट्यातील, म्हणजे दोन आकड्यांच्या दरम्यानची, आघाडी असते. हा पट्टा फाइलीच्या नावातच लिहिलेला असल्याने निवड करताना गोंधळ होत नाही. फाइली पीजीएन (चालींची नोंद) आणि ईपीडी (स्थितींची नोंद) या दोन्ही स्वरूपांत मिळतात, त्यामुळे इंजिनांचे सामने खेळवणाऱ्या कटचेससारख्या प्रोग्रामला त्या जोडायला फार खटपट करावी लागत नाही.

मुद्दाम एका बाजूला झुकलेली स्थिती द्यायची आणि तिला न्याय म्हणायचे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु समतोल बुकात काय घडते ते रुय लोपेझ या प्रसिद्ध सुरुवातीच्या झाइत्सेव प्रकारात पाहावे. दहाव्या चालीला काळ्याचा हत्ती ई८वर येतो. पांढरा घोडा जी५वर जाऊन एफ७वर नजर रोखतो, हत्ती एफ८वर परततो, घोडा एफ३वर माघारी येतो आणि हत्ती पुन्हा ई८वर जातो. बुक नेमके इथे संपत असेल, तर दोन बलाढ्य इंजिने हीच ये-जा तीनदा करून बरोबरी पदरात पाडून घेऊ शकतात, आणि त्या डावातून कोण सरस हे काडीमात्रही कळत नाही. आजच्या इंजिनांची अचूकता इतकी वाढली आहे की सपाट सुरुवातीतून बरोबऱ्यांचीच रास पडते. यूएचओमध्ये काळ्याला पहिल्यापासून बचावाला जुंपले जाते, आणि फरक दिसू लागतो.

मात्र अशी प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवली पाहिजे, ही अट सोडली तर सारा डोलारा कोसळतो. पहिल्या आठवड्यात कटचेसच्या आदेशात ‘रिपीट’ हा तीच सुरुवात रंग बदलून पुन्हा खेळवणारा पर्याय लिहायला मीच विसरलो. दोघांना पांढरी मोहरी सारख्याच वेळा मिळाली होती, म्हणून निकालपत्रक निर्दोष दिसत होते. पण डाव एकेक करून उघडल्यावर लक्षात आले की एकाला ज्या स्थितीत पांढऱ्याने सहज विजय मिळाला, ती स्थिती दुसऱ्याच्या वाट्याला पांढऱ्याने कधी आलीच नव्हती. सगळी रात्र वाया गेली. निकाल मोजतानाही सुटा डाव न धरता जोडी धरावी. जोडीत ०, ½, १, १½ किंवा २ असे पाचच निकाल संभवतात, आणि स्टॉकफिश या इंजिनाची फिशटेस्ट ही चाचणी व्यवस्थाही याच पद्धतीने हिशेब करते.

पूर्वी प्रश्न वेगळा होता. १९७४ साली स्टॉकहोमपासून सुरू झालेल्या जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेत संघ स्वतःची बुके घेऊन उतरत, आणि जिंकले ते इंजिन की बुक रचणारा माणूस, हा वाद कायम राही. रेबेल आणि रिब्का या इंजिनांची बुके रचणारे येरून नूमेन पुढे टीसीईसी या इंजिनांच्या ऑनलाइन स्पर्धेसाठी सर्वांना समान सुरुवाती निवडू लागले, यात गंमत आहे खरी. तिथे अंतिम सामन्याच्या १०० डावांसाठी हाताने निवडलेल्या ५० सुरुवाती दोन्ही रंगांनी खेळवतात. यूएचओत ती नजर नाही, पण हजारो सुरुवाती आहेत, आणि दीर्घ चाचणीला त्याच लागतात.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. फिशटेस्टमध्ये स्टॉकफिशचे नवे बदल यूएचओ कुळातील सुरुवातींवरच पारखले जात आले आहेत. ज्या प्रश्नसंचावर एका विद्यार्थ्याचा सराव झाला, तोच परीक्षेला आला तर प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी होती एवढे सांगून भागत नाही. त्यात बुक रचणाऱ्याचा दोष नाही. पण स्टॉकफिश आणि एखादे नवखे इंजिन यांची तुलना करताना मी निदान एक फेरी वेगळ्या कुळातील बुकावर खेळवतो. स्मृतीत शिकलेले साठवणारे इंजिन असेल, तर प्रत्येक डावापूर्वी ती फाइल पुसतो, नाहीतर जोडीतील दुसऱ्या डावात त्याला पहिल्याची उजळणी आयती मिळते.

दुसरी मर्यादा वेळेची. झटपट डावांत जो पट्टा चुरस निर्माण करतो, तोच जास्त वेळ दिल्यावर कधी पांढऱ्याचा हमखास विजय ठरतो. मग प्रत्येक जोडी १-१ आणि आपण पुन्हा बरोबऱ्यांपाशी. म्हणून मी पट्टा आधी ठरवत नाही. थोड्या जोड्या खेळवून पाहतो, दोन्ही डाव पांढराच जिंकत असेल तर खालच्या पट्ट्याची फाइल घेतो, आणि तेवढ्यासाठी लागणारे सगळे पट्टे या एकाच संचात मिळतात.