असईच्या लढाईतले म्हणून मला विकलेले पिस्तूल

आमचे मूळ गाव जाफराबाद तालुक्यातले असल्यामुळे 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेशी शिंदे-भोसल्यांच्या सैन्याची झालेली लढाई मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, आणि माझ्या या ओढीचाच फायदा जालन्यातील एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याने घेतला. असईजवळच्या एका वाड्यातून निघालेले म्हणून त्याने मला चकमकीचे ठासणीचे पिस्तूल 85 हजार रुपयांना दिले. लॉकच्या, म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मागच्या पायांवर उभा असलेला सिंह कोरलेला होता, आणि ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण असल्याचे त्याचे म्हणणे खरेच होते. लॉक उघडून दाखवा, अशी विनंती मी केली, तेव्हा जुने लाकूड तडकेल असे सांगून त्याने ती टाळली. मी तिथेच थांबायला हवे होते.

पुढे छत्रपती संभाजीनगरच्या एका वयस्कर बंदूक-कारागिरांनी ते माझ्यासमोर खोलले. लॉक अस्सल होते, पण नळी दुसऱ्याच हत्याराची होती. तिचे बत्तीचे छिद्र, म्हणजे जाळ आत पोहोचवणारे भोक, रंजक (पेटवणीची दारू) ठेवण्याच्या खोलगट जागेसमोर न येता बोटभर पुढे होते, म्हणजे या जोडणीतून कधी बार उडणे शक्यच नव्हते. दस्ता अक्रोडाचा नसून रंग दिलेल्या शिसवीचा होता. जुन्या लष्करी दस्त्यात लॉकच्या प्रत्येक भागापुरतीच जागा कोरलेली असते, इथे मात्र छिन्नीने सरसकट खड्डा केलेला होता. स्क्रूंचे आटे आजच्या यंत्रावरचे होते, आणि तेलाच्या फडक्याने पुसताच नळीवरचा गंज नारिंगी होऊन निघून आला. शंभर-दोनशे वर्षांचा गंज काळपट आणि घट्ट असतो.

सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. सिंहाची खूण कंपनीने 1808 पासून वापरली, त्याआधी हृदयाच्या आकाराची व्यापारी खूण असे, म्हणजे तो एकमेव अस्सल भागही असईला असू शकत नव्हता.

जुन्या हत्याराला परवाना लागत नाही, हे विक्रेत्याचे सांगणेही अर्धवट होते. 1959 च्या शस्त्र कायद्यातील सूट, दुरुस्ती करूनही ज्यातून बार उडू शकत नाही अशाच जुन्या हत्याराला आहे आणि हे तसे असल्याची खात्री नव्हती, म्हणून मी लेखी अर्जासह पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा केले. विक्रेत्याकडून पावती घेतलेली नसल्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत.

गेल्या महिन्यात त्याच विक्रेत्याने अंबडच्या एका शिक्षकांना दुसरे एक पिस्तूल, तेही असईचेच म्हणून, दाखवले आहे. लॉक उघडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, असे मी त्यांना कळवले असून येत्या रविवारी त्यांच्याबरोबर स्वतः जाणार आहे.